पट्टा गळ्यात घालण्याआधी

रविवार, १२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

सगळं जग तुला बिशप म्हणून हाक मारतं, पण मला या वयात नवी सवय लागायची नाही. तुझं पत्र मिळालं. मी ठीक आहे. गुडघे आपल्या मर्जीने चालतात आणि मी त्यांच्यामागून. तुझी तब्येत कशी आहे? राजीनाम्यात तू प्रकृतीचं कारण दिलंस असं वर्तमानपत्रात वाचलं. सख्ख्या बहिणीला हे वर्तमानपत्रातून कळावं, हे काही बरं नाही.

मागची खोली रंगवून घेतली. रंगाऱ्याने दोन दिवसांचं काम आठवडाभर पुरवलं आणि जाताना खिडकीच्या काचेवरूनही हात फिरवून गेला. तुझ्या पेट्याही आल्या. सगळ्यांत पुस्तकं, एकीतही उशी नाही. जन्मभर दुसऱ्यांनी अंथरूण घालून दिलं की असंच व्हायचं. उशी मी शिवून ठेवली आहे. कॉट कुरकुरते, पण तूही कुरकुरतोसच, तुमचं जमेल.

चर्चमधल्या तुझ्या निरोपाच्या मिस्साला, त्या प्रार्थनेला, मी येणार नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगणार होते, तसं लिहिलंही होतं. मग तो कागद फाडला.

तू लिहिलंस की चौकशी समितीची बाई आली तर एवढंच सांगायचं: जे बोलणं झालं ते पापनिवेदनात झालं, आणि तिथलं बाहेर काढायची मनाई आहे. ती बाई मंगळवारी येऊन गेली. शांत होती. मी केलेला चहा तिने तसाच गार होऊ दिला.

त्या दिवशीचं, तीस वर्षांपूर्वीचं, तुला आठवत असेल, तरी लिहिते. आमच्या कोपऱ्यावर टपरी टाकून बसणारी इस्त्रीवाली तुझ्याकडे एकटी यायला बिचकत होती, म्हणून मी तिला घेऊन आले. बिशपची बहीण सोबत असली म्हणजे काम होईल असं तिला वाटलं, आणि मलाही. तुझ्या बैठकीत ती खुर्चीच्या कडेवर टेकली. गाण्याचा वर्ग घेणारे फादर तिच्या लेकाला वर्ग सुटल्यावर मागे ठेवून घेतात, आणि त्याच्याशी काय करतात, ते तिने सांगितलं. ते शब्द मी ऐकले. तूही ऐकलेस, कारण पाण्याचा पेला तुझ्या हातात तसाच राहिला होता. मग तू उठलास, खणातून पापनिवेदन ऐकताना घालतात तो जांभळा पट्टा काढून गळ्यात घातलास आणि म्हणालास, "आता हे पापनिवेदन म्हणून सांग." मला बाहेर पाठवलंस. मला वाटलं, तिला धीर यावा म्हणून करतो आहेस. ऐकलेलं पुढे कुणालाच सांगावं लागू नये म्हणून होतं ते, हे फार उशिरा कळलं.

ती बाहेर आली तेव्हा तू तिला प्रायश्चित्ताच्या प्रार्थना म्हणायला सांगितल्या होत्यास. परतताना बसमध्ये तिने विचारलं, "ताई, यात माझं पाप कुठलं?"

तुला विचारलं तर तू म्हणालास, सगळं मार्गी लावलंय. मार्गी म्हणजे काय, तर फादरांना थोडे दिवस एकांतात प्रार्थनेला पाठवलंस आणि मग दुसऱ्या गावच्या चर्चला, जिथे शाळाही होती. तिथल्या तेव्हाच्या मुलांचे जबाब आता समिती घेते आहे. इस्त्रीवालीचा लेक चाळिशीला आला. गोदामात काम करतो, लग्न केलं नाही. कुणी रेडिओवर गाणं लावलं की ताटावरून उठून जातो. त्याच्या घरात रेडिओ नाही, आणि आता माझ्याही नाही.

तर, मी त्या बाईला सांगितलं. बंद दाराआड काय झालं ते मला माहीत नाही, तसंच म्हणाले. पट्टा गळ्यात घालण्याआधी तू काय ऐकलंस, तेवढं सांगितलं आणि सही केली. आई गेली तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास. पाद्री व्हायला सेमिनरीत जाताना तुझे कपडे मीच घडी करून दिले होते, आणि तू बिशप झालास त्या दिवशी मी गल्लीभर मिरवले होते. आता या वयात माझ्या सहीमुळे तुला लोकांपुढे मान खाली घालून उभं राहावं लागेल. जीव तुटतो रे माझा. पण सही मागे घेणार नाही.

तू रागावशील. रागाव, पण ये. फक्त बसमधून एक थांबा आधी उतर. इस्त्रीवाली अजून तिथेच, थांब्याजवळच्या घरात राहते. तू येणार आहेस हे मी तिच्या कानावर घातलंय. ती म्हणाली, "येऊ दे. दार उघडेन की नाही, ते आत्ता सांगत नाही."

तिने उघडलं तर तिला बोलू दे, मध्ये तोडू नकोस. नाहीच उघडलं तर ओट्यावर थांब, लोक बघतील तरी थांब. मी जेवण झाकून ठेवीन, कितीही वेळ लागू दे.

पण तिला चुकवून सरळ माझ्याकडे आलास, तर मीही उघडणार नाही, धाकट्या. दाराच्या आत बसून रडेन, पण उघडणार नाही.

तुला लहानाचं मोठं केलेली,
ताई