मराठी वाहिनी येण्याआधीचा तुमचा आवाज

बाबा,

मी तुमचा मुलगा. वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोएडातल्या एका कारखान्याच्या लेखा विभागाचा प्रमुख, पन्नाशी केव्हाच ओलांडलेला, आणि मयूर विहारच्या त्याच सोसायटीतल्या त्याच घराचा आजचा रहिवासी. लिहिण्याचे कारण एकच आहे. तुमचा आवाज मला आठवत नाही. तुम्ही काय म्हणालात ते आठवते, कुठल्या खुर्चीत बसून म्हणालात तेही आठवते; पण ती वाक्ये ऐकू येतात ती दुसऱ्याच एका माणसाच्या आवाजात. हे कसे झाले ते मला क्रमाने मांडायचे आहे, कारण अर्धवट हकिगत तुम्हाला कधीच चालली नाही.

मी कॉलेजात होतो तेव्हा आपल्याकडे लाकडी पेटीतला टीव्ही होता, पट्ट्यापट्ट्यांच्या सरकत्या दारांचा. बातम्या संपल्या की तुम्ही उठून ती दारे ओढून घेत असा, खुर्ची आमच्याकडे वळवत असा आणि म्हणत असा, "हं, बोला." मग प्रत्येकाने दिवसातली एक तरी गोष्ट सांगायची, आणि ती मराठीत. बाहेर दिवसभर हिंदी, बसमध्ये हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी. निदान जेवणाआधीचा हा थोडा वेळ तरी आपला, असे तुमचे म्हणणे. धाकटीला ही शिक्षाच वाटे. ती एकदा तावातावाने सांगत आहे, मी खिडकीपाशी बसलो आहे, आई लसूण सोलते आहे.

"आज बसमध्ये इतकी भीड होती ना, की..."

"गर्दी," तुम्ही म्हणता.

"गर्दी होती. आणि तो कंडक्टर बिल्कुल ऐकत नव्हता."

"मुळीच ऐकत नव्हता."

"तुम्हीपण मुळीच ऐकत नाही आहात, बाबा! मी पायरीवरून पडले त्याचं काय?"

"अहो, लागलं का ते विचारा आधी पोरीला," आई म्हणते, "मग शिकवा काय ते."

तुम्ही हसता. तुमचे खांदे हलतात, चष्मा नाकावरून घसरतो, तुम्ही तो बोटाने वर सारता. हे सगळे मला स्वच्छ दिसते. हसण्याला आवाज नाही.

पुढे केबल आली. सोसायटीच्या गच्च्यांवरून, गॅलऱ्यांवरून काळ्या वायरी लोंबू लागल्या आणि शेजारची घरे एकेक करून जोडली गेली. तुम्ही कित्येक वर्षे ठाम नाही म्हणालात. मग एक दिवस कार्यालयातल्या कुणीतरी सांगितले की आता पूर्ण मराठीची वाहिनी निघाली आहे, आणि तुमचा नकार त्याच संध्याकाळी विरघळला. आपल्या केबलवाल्याकडे ती वाहिनी नव्हती. मी तुमच्याबरोबर त्याच्या दुकानात गेलो होतो.

"अंकल जी, गिनती के घर हैं आप लोगों के," तो म्हणाला. "मराठी चैनल देखेगा कौन?"

"आप लगाइए. देखनेवाले मैं लाता हूँ."

आणि तुम्ही आणलेत. आसपासच्या सोसायट्यांमधल्या मराठी घरांत तुम्ही ऑफिसातून आल्यावर जात होता, चहा घेत होता, लोकांना पटवत होता. एका रविवारी ती सगळी मंडळी तुमच्या मागून त्या दुकानात शिरली तेव्हा केबलवाला उठून उभाच राहिला. "मोर्चा लाए हो क्या, अंकल?" त्याने वाहिनी दिली. आईने शिरा केला. नव्या रंगीत संचाला दारे नव्हती, त्याची कुणाला आठवणही झाली नाही. पडद्यावरच्या बाईने पहिले वाक्य उच्चारले आणि तुम्ही आमच्याकडे असे पाहिलेत, जणू माहेरचे माणूस दारात आले आहे. म्हणालात, "आता मला ओरडायला नको. भाषा आपोआप येईल घरात."

ती आली. इतकी शुद्ध, इतकी भरपूर मराठी आपल्या घरात त्याआधी कधीच बोलली गेली नव्हती. फक्त आपण बोलत नव्हतो. तुमची खुर्ची पडद्याकडे वळली, मग माझी, मग धाकटीची. ताटे मांडीवर आली. समोरासमोर बसणारी माणसे एका रांगेत बसू लागली, एखाद्या थांब्यावर बसावीत तशी. बोलण्यासाठी जाहिराती होत्या. आई स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी राहून विचारी, "लागली का जाहिरात? मग ऐका." गॅस संपत आला आहे, मामांचे पत्र आले आहे, धाकटीला बघायला लोक येणार आहेत, हे सगळे ती साबणाच्या आणि टूथपेस्टच्या मधल्या फटीत बसवू लागली. मालिका पुन्हा सुरू झाली की तुम्ही न बघता हाताचा पंजा वर करत असा. रागाने नव्हे, रहदारीचा पोलीस करतो तसा. एकदा आई म्हणाली, "ऐका, त्या बाईचीच मराठी ऐका. माझी चाळीस वर्षांची जुनी झाली." सगळे हसले. तीही हसली, आणि आत जाऊन पोळ्या लाटू लागली. तिच्या ओट्यावरून आपल्या तिघांच्या पाठी दिसत असणार.

त्या मालिकेत एक सासरे होते. पांढरे केस, संथ बोलणे. रोज कुठल्या ना कुठल्या प्रसंगी ते मुलांना जवळ बोलावत आणि म्हणत, "बसा, मला तुमच्याशी बोलायचं आहे." मग ते खरोखर बोलत, घर कसे जपावे, माणसे कशी जोडावीत. तुम्ही मान डोलावत असा. "बघ," मला म्हणत असा, "बापाने असं बोलावं." आणि आपण दोघे शेजारी शेजारी बसून, एकमेकांशी न बोलता, त्यांना ऐकत होतो.

शेवटच्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ आहे. माझी मुलगी पाळण्यात आहे, तुमच्या गुडघ्यांवर शाल आहे, जाहिरात लागली आहे. पडद्यावरची नजर न काढता तुम्ही विचारता, "तुझं ऑफिस हल्ली कुठल्या सेक्टरला?" नोकरी बदलून मला वर्ष होऊन गेले होते. मी सेक्टर सांगतो. नवे साहेब कसे आहेत, मला तिथे का करमत नाही, हेही सांगण्यासाठी मी तुमच्याकडे वळतो. तुम्ही म्हणता, "अच्छा." अच्छा, बाबा. तुम्ही! आणि मालिका सुरू होते. मी पुढच्या जाहिरातीची वाट पाहतो. ती लागते तेव्हा तुमचा डोळा लागलेला असतो. त्यानंतर आपल्यात विचारपूस झाली ती औषधांची.

गेल्या महिन्यात मुलगी गुरुग्रामहून आली होती. तिला दिवस गेले आहेत. धाकटीही नोएडाहून आली होती. जेवताना मुलीने मधेच विचारले, "बाबा, आजोबा माझ्याशी काय बोलायचे? करून दाखवा ना, एकदम त्यांच्यासारखं." तिने मोबाइल ताटाशेजारी उभा केला. मी पाठ ताठ केली, पाळण्यावर वाकावे तसा वाकलो आणि म्हणालो, "या, या, आमच्या छोट्या बाईसाहेब आल्या!" शब्द तुमचेच होते, याची मला खात्री आहे. मुलीने टाळ्या वाजवल्या. "बिल्कुल आजोबा! बाळ झालं की त्याला हेच ऐकवणार."

धाकटी हसली नाही. मी पाणी आणायला आत गेलो, तशी ती मागून आली.

"दादा, तो बाबांचा आवाज नव्हता रे."

"मग कुणाचा?"

"त्या मालिकेतल्या सासऱ्यांचा. तसाच, 'या, या' म्हणून थांबायचा."

ती म्हणाली आणि मला लगेच कळले. "मग बाबांचा कसा होता? तू कर."

तिने तोंड उघडले. ओट्याला हात टेकला. मग म्हणाली, "थांब हं," आणि थोड्या वेळाने, "काहीतरी जरा घोगरा... नाही रे. येत नाही." बाहेरून मुलीच्या मोबाइलवर ते वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होते. आम्ही दोघे ते संपण्याची वाट पाहत आत उभे राहिलो.

हे कुठे पाठवायचे नाही, म्हणून लिहिता आले. मुलीला मी अजून काही सांगितलेले नाही, आणि बहुधा सांगणारही नाही. काल मी तिच्याकडून ती फीत मागवून घेतली, दार लावून ऐकली, मग पुन्हा ऐकली. तो माणूस तिच्याशी फार मायेने बोलतो, बाबा. मला तो आवडला.

आपला,
मुलगा

मयूर विहार, दिल्ली
रविवार, दुपार