बदकाच्या गाण्यातला थांबा

मंगळवार, दि. ४

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळे खुशाल. फक्त तुझ्या बापाने हट्ट धरलाय, तुझा पियानो काढायचा आणि तिथे माझी खाट टाकायची, म्हणजे मला जिना नको. गुडघे कुरकुरतात, नाही कशाला म्हणू? पण पियानो गेला तर तू सुट्टीला येऊन बसशील कुठे? मी म्हटलं, मी वाजवते की. तो हसला. म्हणाला, आई, महिनाअखेर बदकाचं गाणं सलग वाजवून दाखव, पियानो राहील. सुतारच तो, अटसुद्धा मापातली.

तुझ्या वहीतल्या स्वरांच्या मुंग्या मला वाचता येत नाहीत. पण गाणं कानात आहे. चाचपत एकेक पट्टी शोधली आणि वर गुंड्या चिकटवल्या: लाल, निळी, तुझ्या पिवळ्या फ्रॉकची. आता घोकते, लाल लाल निळी निळी. जन्मभर शिलाई मशीन चालवलं, त्यामुळे बोटं हलली की पायही खाली पेडलवर चालू लागतात आणि पियानो नुसता घुमतो. शेजारीण विचारून गेली, लोहाराची भट्टी लावली का.

तिसऱ्या ओळीनंतर मात्र बोट अडतंच. पियानो शिकवणाऱ्या तुझ्या जुन्या बाई म्हणाल्या, तिथे थांबा नाहीच. तू पुढे कशी जायचीस, लवकर कळव.

तुझी, पाय न आवरणारी,
आजी

सोमवार, दि. १७

ती. आजीस सा. न. वि. वि.

थांबा गाण्यात नव्हता, माझ्यात होता. चौथी ओळ आठवायची नाही. मी थांबायचे, तू स्वयंपाकघरातून “पुढे?” म्हणायचीस आणि मग सुचायची. नंतर येऊ लागली तरी थांबायचे, तू ऐकतेस ना ते बघायला. आजी, तू माझी चूक पाठ केलीस! तिथे मनातच “पुढे?” म्हण. बाबा सूतभरही सोडायचे नाहीत.

पियानो गेला तरी चालेल, असं मीच त्यांना लिहिलं होतं. ते खोटं होतं.

गुडघ्यांना जपावे, ही विनंती.
भिंगरी

रविवार, दि. ३०

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

आज वाजवलं. पाय मापाच्या फितीने खुर्चीला बांधले होते. तुझा बाप आत दूध तापवत होता, म्हणाला, इथूनच ऐकतो. तीन ओळी झाल्या आणि बोट अडलं. मनात म्हणायचं तेच विसरले बघ. वाटलं, गेला पियानो.

तेवढ्यात आतून तुझा बाप म्हणाला, “पुढे?”

त्याच्याही नकळत. इतकी वर्षं रंधा मारता मारता तोही ऐकतच होता की! मी चौथी ओळ वाजवली. दूध उतू गेलं. मीच म्हटलं, अट सलगची होती. तो फडक्याने ओटा पुसत म्हणाला, आपल्या घरात हे गाणं असंच आहे.

आता खाटेसाठी खिडकीखाली माप घेतोय. पिवळी गुंडी सैल झालीय, ती तू येऊन चिकटव. लोभ दुधासारखा उतू चाललाय, तेव्हा लवकर ये.

तुझी आजी