अठराव्या दिवशी शिवलेला कावळा

माय, तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. लेकीला आईची आठवण आली म्हणून तिने पत्र लिहिलं, अशा भ्रमात राहू नकोस. तुला अक्षरं जुळवून वाचायला वेळ लागायचा, लागू दे. मलाही हे लिहायला कमी वेळ लागलेला नाही. लिहायचं कारण असं की दिवाळीनंतर मी माझ्या लेकीचं दूध तोडलं. दोन वर्षांची झाली ती. इतके दिवस पाळी नव्हती, ती दूध तोडल्यावर महिन्याभराने आली. मग पुन्हा आली ती अठराव्याच दिवशी. शाळेच्या ऑफिसात बसून मी दाखले लिहीत होते, उठायला गेले आणि जागच्या जागी खाली बसले. कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले, दोनदा मोजले, आणि मला तू आठवलीस. चांगल्या कारणाने नाही आठवलीस.

धाकट्याचं दूध तू दसऱ्याला तोडलंस. कडुनिंबाचा पाला वाटून अंगाला लावायचीस आणि तो तोंड वाकडं करून माझ्याकडे पळत यायचा. मी तेव्हा सातवीत. त्याआधीची तीन-एक वर्षं तू बाजूला बसल्याचं मला आठवतच नाही, आधी तो पोटात, मग अंगावर. दसऱ्यानंतर मात्र तुझं ते सुरू झालं. सकाळी उठावं तर तू मागच्या पडवीत गोणपाटावर बसलेली, शेजारी तुझं वेगळं ताट, वेगळा तांब्या. चार दिवस चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, केळीच्या बागेकडे तर फिरकायचंही नाही, कारण घड काळे पडतात अशी आपल्या घरात सगळ्यांची खात्री. अक्काला दमा, धुरापुढे बसली की तिची छाती भरून यायची. माझ्या वडिलांची, भाऊंची थोरली बहीण ती, घर तिच्या शब्दावर चालायचं, पण भाकरी तिच्याने होत नव्हती. मला अजून आली नव्हती. म्हणजे चूल माझी. माझी शाळा कधी बुडणार हे आपल्या घरात पंचांगालाही माहीत नसायचं.

आणि मग तो रविवार. स्कॉलरशिपची परीक्षा, केंद्र फैजपूरला. आमच्या शाळेतून चौघींना बसवलं होतं, बाई आठ वाजता जीप घेऊन दारात येणार होत्या. मी दोन वेण्या घालून, पॅडला चिमटा लावून तयार. भाऊ पहाटेच बागेत गेलेले, कापणी होती, ट्रक लागणार होता, पंधरा माणसांच्या भाकऱ्या दहा वाजता बागेत पोचायला हव्या होत्या. मी तुला शोधत मागे येते तर तू गोणपाटावर. तुझं तोंड भिंतीकडे. आठ दिवसांपूर्वीच तर न्हाली होतीस तू! मी म्हणते, "माय, आज माझी परीक्षा." तू मान न वळवता म्हणतेस, "कावळा शिवना माले. तू चूल पेटाड." मी रडते, पाय आपटते, जीपचा हॉर्न वाजतो. तू म्हणतेस, "बठ्ठा लोके उपाशी राहतीन ना, पोरी. पुढला वरीसले दे परीक्षा." सातवीची परीक्षा पुढच्या वर्षी कोण देतं, माय? बाईंनी अक्काची विनवणी केली, अक्का म्हणाली, घरात बाई बसलेली आहे, पोरीला कशी पाठवू. जीप गेली. मी परातीत पीठ घेतलं आणि त्यात इतकं मीठ टाकलं की भाऊंनी संध्याकाळी मला बोलावून कान धरला.

पुढच्या बाजारात तू मला सावद्याहून लाल रिबिनी आणल्यास. परीक्षा बुडाल्याची भरपाई, रिबिनी! मी त्यांनी कालवडीची शिंगं बांधली. तू पाहिलंस आणि काही बोलली नाहीस. तुझं हे काही न बोलणंच मला सगळ्यात जास्त चीड आणायचं. बोलली असतीस तर भांडता तरी आलं असतं.

दिवस अक्काही मोजत होती. "महिन्यातून दोनदा कावळा शिवतो व्हय हिले? आता त न्हाली व्हती!" असं ती ओट्यावर बसून, तुला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. कामाचा कंटाळा आला की हिला कावळा आठवतो, असं तिचं ठाम मत झालं, आणि खरं सांगायचं तर माझंही. रिबिनींनंतरच्या पुढच्याच खेपेला अक्का तुला गोठ्यामागे घेऊन गेली, आणि तेव्हापासून दर वेळी तुला कापड दाखवायला लावायची. तू पदराखाली काहीतरी धरून तिच्या मागून जायचीस, परत यायचीस आणि पडवीत बसायचीस. मी अंगणात भांडी घासत असायचे. मला बरं वाटायचं. माझ्याही पदरात काहीतरी पडलं असं वाटायचं. अक्का गेली तोवर, म्हणजे पाच वर्षं, तू हे केलंस.

तर परवा मी इथे धुळ्यात डॉक्टरीणबाईंकडे गेले. लग्न होऊन आले तीही नेमकी तुझ्या माहेरच्या मुलखात, भाजीवाली "मेथी ताजी शे, ताई" म्हणाली तरी माझ्या कपाळाला आठी पडते. बाईंनी तपासलं, दिवस गेलेले नाहीत ना ते पाहिलं, आणि सरळ म्हणाल्या, "अंगावरचं पाजणं थांबलं की काही महिने पाळी अशी मागेपुढे होते. कधी लवकर, कधी उशिरा. बसेल हळूहळू. फारच जायला लागलं किंवा दोन-तीन महिने आलीच नाही, तर लगेच या." मी विचारलं, "अठरा दिवसांतही येते?" त्या म्हणाल्या, "येऊ शकते की. घाबरता कशाला?" मी घाबरले नव्हते. मी संतापले होते. बाहेर येऊन रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

कारण तू खोटं बोलत नव्हतीस. निदान बोलत असशील असं म्हणायला मला आता जागा राहिलेली नाही. चोवीस वर्षं मी तो राग सांभाळला, त्याच्या जोरावर शिकले, तुझ्या शेवटच्या आजारपणातही तुझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि एका बाईने पाच मिनिटांत त्याच्याखालची फळी काढून घेतली. तुला तरी कुठे ठाऊक होतं? एकदा विहिरीपाशी कापड धुताना तू स्वतःशीच म्हणाली होतीस, "काय व्हई ऱ्हायनं माले, काय माहीत." मी ऐकलं होतं. नाटक करते आहे असं मला वाटलं.

पण लगेच सुटलीस असं समजू नकोस. खरी होतीस, म्हणून जीप परत येत नाही. त्या एका सकाळी तुला लपवता आलं असतं. निमूट उठून भाकऱ्या टाकल्या असत्यास तर कुणाला कळलं असतं, केळीला? मी आज पाळीतच स्वयंपाक करते, देवाला दिवा लावते, माझं काही काळं पडलेलं नाही. तुला लेकीपेक्षा विटाळ मोठा वाटला. याचा राग मला आहे आणि तो राहणार.

हे पत्र लेकीच्या लसीच्या कार्डाच्या पिशवीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवायचं? फक्त एक राहिलं. तुझं ढोंग आहे हे अक्काच्या डोक्यात होतंच, पण गोठ्यामागे न्यायचं तिला कसं सुचलं, हे तू कधी कुणाला विचारलं नाहीस. मी सांगितलं होतं तिला, मायची कापडं कोरडी असतात म्हणून. अक्काने विचारलं, "तू डोळ्यानं पाह्यले?" मी हो म्हटलं. मी पाहिली नव्हती, माय.