अण्णांच्या तोंडचं वाक्य

१२ जानेवारी, सोमवार
अक्काचा तेरावा परवा उरकला. आज शाळेत हजर. स्टाफरूममध्ये सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, जणू मीच आजारी आहे. टेबलावर दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गठ्ठे. 'शाळा सोडलेल्या मित्राला परत येण्याविषयी पटवून देणारे पत्र लिहा.' पाच गुण. प्रश्न मीच काढलेला.
एका पोरीनं एवढंच लिहिलंय: 'तू ये. मी बाकावर जागा धरून ठेवलीय.' एक गुण दिला. शेजारी लाल शाईत 'मुद्दे वाढव'.
घरी आलो तर अण्णा भाकरी हातात धरून बसलेले. ब्याऐंशीचा बाप राहिला आणि लेक गेली, हे त्यांना पटतच नाही. कावीळ हे कारणही पटत नाही. डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे रडू आलं की तोंड कुणीकडं वळवावं तेही त्यांना कळत नाही.

१३ जाने.
शीतल आली होती बीडहून. अक्काची एकुलती एक, तिथं लॅबमध्ये कामाला असते. उद्या संक्रांत, यंदा आमच्याकडे तीळ नाही. तिच्या आईच्या पेटीतल्या दोन साड्या तिनं मामीला, माझ्या सुमनला, दिल्या. माझ्या हातात एक निळं अंतर्देशीय पत्र ठेवलं. घड्या फाटलेल्या, मागून चिकटपट्टी लावून सांधलेल्या. अक्षर माझं.
अण्णांनी आवाजाच्या रोखानं हात पुढं केला. "शीतल, जवळ ये की बाळा." ती उंबऱ्यातच उभी. "बस हाय अण्णा, निघते." पाया पडली नाही. अण्णांचा हात तसाच राहिला, मग त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला.
गेटाशी मला म्हणाली, "आईनं शेवटपर्यंत जपलं हे. वाचलं म्हणून कळलं मामा, अण्णांनाच ती नको होती."
मी काय बोललो? "जपून जा" म्हणालो.

१५ जाने.
उघडलं. सव्वीस वर्षांपूर्वीचं पत्र.
तेव्हा अक्कानं जीपवाल्याच्या हाती निरोप धाडला होता, मला इथून न्या. दाजींचा हात उठायचा, ते आम्हाला ठाऊक होतं. अण्णांनी पिठाची गिरणी बंद केली, हातही झटकले नाहीत आणि मला म्हणाले, "जीप कर अन् घिऊन ये तिला. माझी लेक हाय."
मी म्हणालो, "आधी पत्र टाकतो. रागानं निघालेली असेल." त्याच गुरुवारी सुमनकडचे मला बघायला येणार होते. नवरा सोडून आलेली बहीण त्यांना घरात दिसली असती. बास, एवढंच होतं माझ्या मनात. एकदा माझं जमलं की आणू तिला, असं स्वतःला सांगितलं.
पत्र चांगलं आहे. हे लिहायची लाज वाटते, पण चांगलंच आहे. आधी लहानपण, गिरणीत पिठानं माखून दोघं भुतं झालो होतो ती गंमत. मन मऊ व्हायला. मग तीन प्रश्न, ज्यांना 'नाही' शिवाय उत्तर देता येत नाही. मग 'तू' सोडून 'आपण' चालू, म्हणजे दुःख तिचं आणि निर्णय सगळ्यांचा. आणि शेवटी वडीलधाऱ्यांचा आधार, जो मी अजूनही दर वर्षी फळ्यावर लिहून देतो:
'अण्णा म्हणतात, ती परत आली तर मला गल्लीतून मान वर करून चालता येणार नाही.'
अण्णा असं कधीच म्हणाले नव्हते.
आठ दिवसांत तिचं कार्ड आलं. 'पत्र मिळालं. मी राहते. अण्णांना सांग, काळजी करू नका.' ते मी अण्णांना वाचून दाखवलं. शब्दन् शब्द खरा वाचला.
पाचपैकी पाच दिले असते मी.

१८ जाने., रविवार
यायचं झालं की अक्का आधी फोन करायची. दिवाळीलासुद्धा. आईच्या वर्षश्राद्धालासुद्धा. "अण्णा, दोन दिस आले तर चालंल का?" अण्णा खेकसायचे, "सोताच्या घरी यायला इचारती कावून?" ती हसायची. मी तिथंच पेपर तपासत बसलेला असायचो.
आली तरी सगळा वेळ स्वयंपाकघरात. अण्णांसमोर बसायची ती पदर सारखा करत, पाहुण्यासारखी. एकदा ती गेल्यावर अण्णा म्हणाले होते, "पोरगी माझ्याशी मोकळी बोलंना रे. माझं काय चुकलं?" मी म्हणालो, तिचा स्वभावच तसा झालाय. किती पटकन सुचलं होतं ते.
सकाळी तोंड धुताना वाटलं, ती राहिली म्हणून तर शीतल झाली. पत्रानंतर दोन वर्षांनी. छान मुद्दा आहे. आरशात स्वतःकडे बघवलं नाही.

२२ जाने.
सुमनला सांगितलं. ती तूर निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी माझ्या नावावर केलं व्हय हे?"
तिनं सूप खाली ठेवलं.
"मला इचारायचं तरी एकदा. नणंद घरात ऱ्हाती म्हणून मी न्हाई म्हणले असते का? माझी सोताची मावशी जन्मभर आमच्यात होती."
हे मला माहीतच नव्हतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मावशीला मी पाहिलंय, तिच्या हातचं जेवलोय, आणि ती त्या घरात का राहते हे कधी विचारलं नाही.
सुमन उठून आत गेली. तूर तशीच सुपात.

२६ जाने.
झेंडावंदन. भाषण नेहमीप्रमाणे मीच लिहिलं, हेडसरांनी वाचलं. टाळ्या. शेवटी एक प्रश्न टाकला की टाळ्या येतातच.
अण्णांनी शीतलला फोन लावायला लावला. दोनदा वाजून कट झाला. "कामात आसंल," म्हणाले. थोड्या वेळानं, "ती बी बोलंना माझ्याशी. तिच्या मायवानीच." फोन उलटा धरून बसले होते. मी सरळ करून दिला.
अक्काचं जे राहिलंय ते या पोरीत आहे, आणि तीही त्यांच्या हातून चाललीय. माझ्या एका वाक्यामुळं. अण्णांकडे आता किती दिवस आहेत? मला रोज सांगायचं असतं. रोज शाळेची वेळ होते.

२९ जाने.
आज अण्णांनी विचारलं. "त्या दिशी शीतलनं तुला कागद दिला. वाजला मला. काय हाय त्यात?"
म्हणालो, मी अक्काला लिहिलेलं जुनं पत्र.
"जीप घिऊन जा म्हणलं तवा टाकलंतं, ते?"
"हो."
"वाच."
वाचलं. खणखणीत आवाजात, वर्गात वाचतो तसं. पिठाची गंमत आली तेव्हा हसले, डोळ्यांतून पाणी आलं. तीन प्रश्न वाचले. 'आपण' वाचलं. अण्णांचं वाक्य आलं, ते गाळलं आणि थेट 'तुझा भाऊ'वर गेलो.
अण्णांनी कान पुढं केला. मग, "बास? यवढंच?"
"एवढंच."
"यवढ्यावर राहिली व्हय ती? लहानपण आयकून? मार खाऊन निघाली हुती ती. माझी लेक यवढी लेचीपेची न्हवती."
बरोबर आहे त्यांचं. ते वाक्य काढलं की पत्रात काही उरत नाही. आयुष्यभर मराठी शिकवली, आणि हे मला चौथी शिकलेल्या, डोळे गेलेल्या म्हाताऱ्यानं दाखवलं.
हात पुढं करून पत्र मागून घेतलं. बोटांनी घड्या चाचपत नीट मिटलं, उशीखाली ठेवलं. "शीतलला वाचाया लावतो. तुझ्या आवाजात लई ऐट आसती."

३१ जाने.
शीतल उद्या येतेय. सुमननं बोलावलं, "माझ्यासाठी ये" म्हणून. मला सुमन म्हणाली, "मी तिला काय बी सांगितलं न्हाई. तुमचं तुमी सांगा."
उद्या ती पत्र वाचेल, ते वाक्यही वाचेल, आणि अण्णांना आपल्या तोंडचं वाक्य पहिल्यांदा ऐकू येईल. नातीच्या आवाजात.
दुपारभर शीतलला पत्र लिहीत बसलो, स्टँडवरच हातात द्यावं म्हणून. पहिल्या खर्ड्याची पहिली ओळ: 'मी तेव्हा पंचवीसचा होतो.' म्हणजे वय बघ आणि सोडून दे. फाडला. दुसऱ्यात 'आपल्या घरातल्या सगळ्यांचंच चुकलं.' फाडला. तिसऱ्यात अण्णांची तब्येत घातली, तिला दया यावी म्हणून. चौथा बरा होता, शेवट वाचून माझंच मला भरून आलं, म्हणून तोही फाडला. मला साधं लिहिताच येत नाही. हात लावला की ते वळणदार होतं.
कपटे सुमननं चुलीत घातले.

१ फेब्रुवारी, रविवार
शीतलचा मेसेज: 'मांजरसुंबा सोडलं.' म्हणजे तासाभरात इथं, केजच्या स्टँडवर.
अण्णांनी सकाळीच आंघोळ केली. धुतलेली टोपी. "चष्मा आण म्हणलंय का तिला? अक्षर बारीक आसंल." ते मोरीत असताना मी त्यांच्या खोलीत एकटाच होतो. उशीवर हात ठेवला होता. खालचा कागद वाजला. तसाच बाहेर आलो.
सुमननं चपला पुढं ठेवल्या आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.
निघतोय. स्टँडपासून घर पायी वीस मिनिटं, तेवढ्यात तिला तोंडानं सांगायचं. रिक्षा करायची नाही.