निळ्या झाकणाची बाटली

प्रिय मेघना,

सप्रेम जय भीम.

हातात फोन असताना बापाने पत्र का लिहावं, असं तुला वाटेल. फोनवर मी चेष्टा करून सटकतो, हे तुला ठाऊक आहे. कागदावर सटकायला जागा कमी असते.

काल तुझ्या सासऱ्यांचा फोन आलेला. देवरामजी, घोडबंदर रोडच्या बाविसाव्या मजल्यावरून, नेहमीसारखेच गोड. त्या माणसाचा आवाजसुद्धा वॅक्स मारून ठेवल्यासारखा आहे. म्हणाले, "अहो, पोरगी तीन रविवार खाली पार्किंगला येत नाही. म्हणते, बाबा, माझ्या हातून बॉनेट गेलं, आता मी गाडीला हात लावणार नाही. गाडीचं काय एवढं? पॉलिशवाला करून देईल नीट. तुमचं ऐकते ती, तुम्हीच समजवा." भांडले असते तर परवडलं असतं. नव्याकोऱ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसतंय, आणि हे म्हणतात गाडीचं काय एवढं! इतकं चांगलं वागून समोरच्याने तोंड कुठे लपवायचं, याचा विचार ही माणसं करत नाहीत.

त्यांच्यावरचा माझा राग तसा त्या बॉनेटहून जुना आहे. तू सातवीत असल्यापासून रविवार सकाळ आपली होती. डोंबिवलीला आपल्या बिल्डिंगच्या मागे, सावली असेपर्यंत, आपली मरून रंगाची गाडी. एक बादली साबणाची, दुसरी स्पंज खंगाळायची. आई खिडकीतून ओरडायची, "घरातले कप कधी एवढ्या प्रेमाने विसळलेत का?" तळमजल्यावरच्या सगुणाबाई विचारायच्या, "ही गाडी चालवता कधी?" तू वॅक्सचा पातळ हात फिरवायचीस, तो धुरकट झाला की बोट लावून बघायचीस आणि साहेबासारखं म्हणायचीस, "सुकलं पप्पा, चला, पुसायला घ्या." ऑफिसात कोणी मला असा हुकूम सोडला असता तर मी त्याचं काय केलं असतं ते तुला माहीत आहे. तुझ्या हुकमाची मात्र आठवडाभर वाट बघायचो.

मग तुझं लग्न झालं आणि महिन्याच्या आत फॅमिली ग्रुपवर फोटो आला. तू आणि देवरामजी, दोघांच्या हातात फडकी, खाली आपल्या जावईबापूंचा विनोद: "सासरे-सून सर्व्हिस सेंटर". सगळ्यांनी हसून घेतलं. मी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. तू त्यांना दाखवत होतीस, गोल गोल नाही, सरळ रेषेत पुसायचं. ती रेष मी तुला शिकवलेली! पुढच्या रविवारी त्यांनी प्रेशरचा पंप घेतला, मग फेस उडवायची बंदूक. जन्मभर बँकेत खुर्चीवर बसलेल्या माणसाला एवढा फेस कशाला लागतो, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "जळू नका, शेजारी वास जातोय."

आता त्या रविवारचं लिहितो. आपल्या सामानातल्या अर्ध्या बाटल्या मीच तुला बांधून दिलेल्या, आणि आपल्या घरात लेबल लावायची पद्धत नाही, जिऱ्याच्या डब्यात टिकल्या निघतात. बाटली आणायला वर घरात गेलीस आणि तिथून फोन केलास, "पप्पा, निळ्या झाकणाची बाटली वॅक्सचीच ना? पटकन सांगा, बाबा थांबलेत." ती वॅक्सची नव्हती. जुन्या गाडीचे ओरखडे घासून काढायचं कंपाउंड होतं ते, केसांच्या तेलाच्या रिकाम्या बाटलीत मीच ओतून ठेवलेलं. नव्या काळ्या रंगावर ते काय करतं, हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण "बाबा थांबलेत" कानावर पडलं आणि मी म्हणालो, "हो, तीच. जरा जोर लावून घासा." जोर लावायचं तर तू विचारलंही नव्हतंस. ते माझ्या पदरचं.

वाटलेलं, गाडी बिघडेल, दोघं थोडे चिडतील, तुमचं सर्व्हिस सेंटर बंद पडेल आणि तू रविवारी इकडे येशील. तू इकडेही आली नाहीस. आईला फोन करतेस, "पप्पा बरे आहेत ना?" विचारतेस आणि ठेवतेस. कालपर्यंत माझी समजूत अशी होती, की तुला शरम वाटते, म्हणून तू माझ्याशी बोलत नाहीस. काल देवरामजी बोलता बोलता म्हणाले, "सारखी एकच रट लावलीय, मी पप्पांना न विचारता बाटली उचलली, माझीच चूक." मेघना, तू विचारलेलंस. बोटांना कचकच लागली तेव्हाच तुला कळलं असणार, बाटलीत काय आहे ते, आणि ते कोणाला नक्की माहीत होतं तेही. तीन आठवडे तू त्या घरात खोटं बोलून अडाणी ठरतेयस, बापाचं नाव व्याह्यांसमोर खाली जाऊ नये म्हणून.

समजूत काढायचं मी काल कबूल केलं, आणि नंतर बसून दोन पत्रं लिहिली. एक हे. दुसरं देवरामजींच्या नावाने, त्यात फक्त बाटलीची आणि माझ्या फोनची हकिगत आहे, विनोद एकही नाही. ते मी आज सकाळीच कुरियरला दिलं, हे संध्याकाळी देतोय. मुद्दामच तसं केलं, कारण हे पत्र तुझ्या हाती आधी पडलं असतं तर तू त्यांचं पाकीट गायब केलं असतंस. ते मला फोन करतील. काय बोलायचं ते मनसोक्त बोलू देत. या वेळी तू मध्ये पडू नकोस.

तुझाच,
पप्पा