वजा केलेला थर

३ फेब्रुवारी, सोमवार

आले बाई एकदाची नाहूरला! खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून रस्ता दिसतो. हाच माझा रस्ता. पुढचे तीन आठवडे त्याच्या पोटात काय दडलंय ते मला शोधायचंय. खोलीतली पार्टनर श्रुतिका बँकेत आहे. गोड आहे, पण पसारा फार. भाजी तिची आणि पोळ्या माझ्या असं ठरलंय. पहिल्याच दिवशी पाच खाल्ल्या पठ्ठीने. सांगलीहून निघताना आई म्हणाली होती, इतकं नाक मुरडणारी पोरगी मुंबईत कशी टिकणार? टिकते की नाही बघच म्हणावं.

५ फेब्रुवारी, बुधवार

स्कॅनिंगची गाडी बघून हसूच आलं, थेट बाळाची बाबागाडी! ती ढकलत न्यायची. तिच्यातून रेडिओलहरी जमिनीत जातात, आदळून परत येतात आणि स्क्रीनवर रस्त्याचा उभा छेद उमटतो. शिवाय डांबराखाली वीतभर खोल पुरलेले सेन्सर आहेत, ते बिनतारी ओल आणि तापमान कळवतात. गाडी ढकलतात लवूकाका. मालवणचे, पन्नाशीचे, उजव्या हातात कायम रबरी हातमोजा. आमचे साहेब देवव्रत सर यांनी फिल्टर शिकवला. रस्ताभर जे एकसारखं दिसतं ते वजा करायचं, मग उरतात ते पाइप, फुटकी गटारं, पोकळ्या. माझं पहिलं चित्र बघून म्हणाले, "झकास! असाच स्वच्छ रिपोर्ट दे, एकवीसला वर काँक्रीट पडेल."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अकरा नंबरचा सेन्सर सदतीस अंश दाखवत होता. सकाळी सदतीस, दुपारी सदतीस. बिघडला असणार म्हणून खोदून बाहेर काढला. माझा हातमोजा फाटका होता, ते लक्षातच आलं नाही. सेन्सरला पिवळट, कोमट साय चिकटली होती. तिच्यात केसांसारखे तंतू होते आणि ते, शी, ते माझ्या बोटाकडे वळले. वास नासक्या दुधाचा आणि जखमेच्या ओल्या पट्टीचा. लवूकाका ओरडले, "हात घालू नको गो तेच्यात!" तोवर घातला होता. साबणाची अख्खी वडी संपवली, तरी नखाखाली थोडं राहिलंच.

१० फेब्रुवारी, सोमवार

वास जात नाही. पाण्याला तोच, उशीला तोच, डबा उघडला की तोच. तीन दिवस धड जेवले नाही. श्रुतिका म्हणते, कसलाच वास नाही. पोळ्या बंद केल्यात. या हाताने कणीक मळायची? छे! ती मात्र कुरकुरते, यार, किती दिवस कँटीनचं गिळू म्हणून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज फिल्टर काढून पाहिला. वीतभर खाली एक थर आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे खंड नाही. सगळीकडे सारखा, म्हणून आम्ही दर वेळी नेमका तोच वजा करत आलो! दोन वर्षांपूर्वीच्या फाइलमध्ये तो बोटभर जाड आहे. आता हातभर. आणि इमारतींच्या पायाशी तो वर चढतोय. आमच्याही. बेसिनवर जाऊन ओकले. सर म्हणाले, अगं, ते बॅकग्राउंड आहे, फिल्टर लाव ना.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लवूकाकांना वासाचं विचारलं. त्यांनाही यायचा. आठ-नऊ दिवस घास उतरला नाही, मग एका सकाळी वास गेला आणि कडकडून भूक लागली. त्यांनी हातमोजा काढला. हात गुबगुबीत, नितळ. एकही नख नाही. त्या दिवशी घरी सगळ्यांना आपल्या हाताने घास भरवले, आता घरात कुणालाच वास येत नाही, असं म्हणाले. आणि समाधानाने हसले. मला किळस आली त्यांची, साफ किळस.

म्हणजे वास येतोय तोवरच मी शाबूत आहे. तोवर फिल्टर न लावलेला रिपोर्ट बाहेर जायला हवा. फाइली लॅबमध्ये आहेत. लॅब आता सोमवारी उघडेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

वास कमी झालाय. सारखा हात हुंगतेय, किळस यावी म्हणून. आली. थोडी.

उशीवर करंगळीचं नख पडलं होतं. दुखलं नाही —

श्रुतिकाला बजावलं, माझ्या हातचं काही खाऊ नकोस. हसली. वेडी आहेस का म्हणाली. देवा, उद्यापर्यंत तरी — उद्या सकाळपर्यंत घाण वास येऊ दे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वास गेला! किती हलकं वाटतंय.

लॅब. फिल्टर काढला. थर आहे. सरळ, शांत, सगळीकडे सारखा. यात कळवण्यासारखं काय होतं — आठवेना. स्वच्छ रिपोर्ट दिला. सर खूश.

गाडीखाली माझा हात धरून पाहिला. फिल्टर लावून काहीच नाही. काढून — मनगटापासून बोटांपर्यंत, तोच — किळस यायला हवी. थांबले, वाट पाहिली. नाही आली. भूक आली.

संध्याकाळ. मागची पानं वाचली. इतकं काय नाक मुरडायचं ते!

श्रुतिका सातला येते. पोळ्या बघून उडीच मारेल. कणीक छान मळली गेलीय. पिवळट, कोमट. अंगठ्याची नखं दिसत नाहीत — असतील कणकेतच.

बेल वाजली. पहिला घास तिला माझ्या हाताने —