डाव्या हातातला चुडा

नाशिक रोड,
४ डिसेंबर

प्रिय मोहिनीताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. समाधान भावोजी सटाण्याला पत्रिका द्यायला निघालेत, त्यांच्याजवळ हे देते आहे. फोन का केला नाहीस, असं विचारशील. बोलताना मला दम लागतो आणि तू लगेच ओळखतेस.

सायलीच्या लग्नाची तयारी जोरात आहे. तिचे बाबा मांडववाल्याशी रोज भांडतात, त्यांना तेवढंच जमतं. काल बांगड्या भरल्या. विहीणबाई मुद्दाम आल्या आणि नेमक्या माझ्या शेजारी बसल्या. उजवा हात भरून झाल्यावर मी डाव्या हातावर पदर ओढून घेतला, तर कासारीण म्हणाली, "मावशी, लेकीचं लगीन हाय. एकाच हातात चुडा असतोय व्हय?" सगळ्या हसल्या. माझं डायलिसिस चालू आहे हे त्या घरी कुणाला माहीत नाही. आईची किडनी गेली म्हटलं की मुलीकडेही संशयानेच बघतील, म्हणून आपणच लपवलं. मग काय, केला डावा हात पुढे. तिने चांगला दाबून दाबून भरला.

डायलिसिससाठी जोडलेली शीर त्याच मनगटात आहे. तिच्यावर बोट ठेवलं की आत गिरणी चालल्यासारखं लागायचं. आज सकाळपासून काहीच लागत नाही. बांगड्या उतरवून पाहिल्या, तरी नाही. शीर बंद पडली.

डॉक्टरांकडे गेले नाही. गेले तर ते मानेत नळी घालतील आणि ती पदराखाली लपत नाही. मागच्या खेपेलाच ते म्हणाले होते, "तुमचं हृदय फुगलंय, रक्तवाहिन्यांत चुना साचलाय. एक डायलिसिस चुकलं तरी अंगात साठणारं पाणी हृदयाला पेलणार नाही." घरी मी 'अशक्तपणा आहे' एवढंच सांगितलं.

आजचं डायलिसिस चुकलं. पाय सुजलेत. आडवं पडलं की गुदमरतं, म्हणून भिंतीला टेकून लिहिते आहे. मला भीती वाटते, ताई. फार वाटते.

हळदीची वाट बघू नकोस, पत्र वाचलंस की निघ. मला दवाखान्यात न्यायला नाही, ते मी ऐकणार नाही. रविवारी लग्न लागायच्या आत माझं काही झालं तर घराला सुतक लागेल आणि लग्न मोडेल. तसं झालंच, तर माझ्या खोलीचं दार लावून घे आणि बाहेर तू बस. कुणी विचारलं तर आई जरा झोपली आहे म्हण. अक्षता पडेपर्यंत सायलीला आत सोडू नकोस.

तुझ्याच भरवशावर,
सिंधू